साधं दाबायचं बटण: भाग कमी, काम पूर्ण



सकाळपासून रात्रीपर्यंत आपण किती बटणं दाबतो, कधी मोजलंय? दाराची बेल, टीव्हीचा रिमोट, मोबाईलच्या कडेचं बटण, कॅल्क्युलेटर, मिक्सरचं 'पल्स', पिठाच्या गिरणीचा स्टार्टर. आणि आपल्या शिरूर-दौंड भागातलं सगळ्यात ओळखीचं बटण कोणतं, तर विहिरीवरच्या नाहीतर नदीकाठच्या मोटरीचं. एक हिरवं, एक लाल. भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड तालुका, आणि दोन्हीकडच्या उसाला पाणी मिळतं ते या हिरव्या बटणावर कोणीतरी बोट ठेवल्यावर.

विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प निवडताना बरीच मुलं मोठ्या गोष्टींच्या मागे लागतात. आज आपण एक छोटी गोष्ट घेऊ. दाबायचं बटण, म्हणजे दाबकळ, आणखी साधी करता येईल का? कमी भागांची, स्वस्त, हाताने बनवता येणारी? करता येते. पण ती करताना एक प्रश्न सतत विचारावा लागतो: आपण जो भाग काढून टाकला, तो जे काम करत होता ते आता कोण करणार? आजचा पाठ याच प्रश्नाभोवती आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

परिपथ पूर्ण असेल तरच विद्युतधारा वाहते, हे तुम्हांला माहीत आहे. कळ म्हणजे परिपथ हवा तेव्हा जोडणारी आणि हवा तेव्हा तोडणारी वस्तू.

पण इथे आपली बोली आणि पुस्तक यांची टक्कर होते. आपण म्हणतो, "बटण बंद कर." म्हणजे दिवा विझव. पुस्तकात मात्र 'बंद परिपथ' म्हणजे पूर्ण झालेला परिपथ, ज्यात धारा वाहते! एकच शब्द, अर्थ अगदी उलटे. म्हणून या लेखात आपण 'बंद-चालू' शक्यतो टाळू आणि परिपथाबद्दल 'जोडलेला' आणि 'तुटलेला' असंच बोलू.

कळींचे दोन ढोबळ प्रकार. पहिला, खटका. भिंतीवरचं दिव्याचं बटण. एकदा दाबलं की तिथेच बसतं. तुम्ही घराबाहेर गेलात तरी ते त्याच जागी राहतं. दुसरा, दाबकळ. बोट आहे तोवर जोडलेली, बोट उचललं की पूर्ववत. दाराची बेल तशीच असते.

म्हणजे खटक्याला आठवण असते, दाबकळीला नसते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मोटरीपाशी गेल्यावर लागणार आहे.

बटण उघडून पाहू

घरात बेलचं जुनं, काढून ठेवलेलं बटण असेल तर ते उघडा. भिंतीवर बसवलेलं नाही बरं का! वायर जोडलेली नाही अशीच वस्तू उघडायची.

आत काय दिसतं? प्लास्टिकचं बूड, वरचं झाकण, दाबायची टोपी, एक छोटी स्प्रिंग, पितळेच्या दोन पट्ट्या, वायर आवळायचे दोन स्क्रू. काही बटणांत स्प्रिंग वेगळी नसते. असे आठ-एक भाग झाले. आता भाग विसरा आणि कामं मोजा.

१. जोडणं: दोन धातू एकमेकांना पुरेशा जोराने टेकले पाहिजेत. नुसता स्पर्श पुरत नाही.

२. परत येणं: बोट उचलताच धातू एकमेकांपासून दूर गेले पाहिजेत.

३. वेगळं ठेवणं: न दाबलेल्या अवस्थेत मधे विद्युतरोधक अंतर हवं, म्हणजे हवा किंवा प्लास्टिक.

४. बोट वाचवणं: बोट आणि धातू यांच्यामध्ये विद्युतरोधक हवा.

५. वायर धरून ठेवणं: ओढली तरी सुटता कामा नये.

६. बोटाला कळवणं: 'टिक' असा हलका धक्का, म्हणजे दाबलं गेलं याची खात्री.

भाग आठ, कामं सहा. एखादं काम दोन भाग मिळून करतात, तर एखादा भाग दोन कामं करतो. साधं बटण बनवायचं म्हणजे भागांना जास्तीची कामं वाटून द्यायची. शाळेत शिक्षक कमी असले की एकच बाई गणितही शिकवतात आणि चित्रकलाही, अगदी तसंच.

एकच भाग, तीन कामं

याची उत्तम उदाहरणं तुमच्या घरातच आहेत.

टीव्हीचा रिमोट घ्या. आत प्रत्येक आकड्यासाठी वेगळी स्प्रिंग, वेगळी टोपी, वेगळी पट्टी नसते. रबराची एकच चादर असते आणि तिला फोडासारखे फुगवटे असतात. फुगवटा दाबला की दबतो, सोडला की वर येतो. म्हणजे टोपी, स्प्रिंग आणि विद्युतरोधक ही तिन्ही कामं एकटं रबर करतं. फुगवट्याच्या खालच्या बाजूला कार्बनमिश्रित काळा ठिपका असतो. तो खालच्या पट्टीवरच्या दोन वाटांना टेकला की परिपथ जोडला जातो.

दुसरं उदाहरण म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधलं 'टिक टिक' वाजणारं चौकोनी छोटं बटण. त्यात पातळ धातूची एक उपडी वाटी असते. दाबताना ती एकदम आत पचकते, सोडल्यावर एकदम बाहेर येते. सपाट डब्याचं पत्र्याचं झाकण मधोमध दाबलं की 'टक्' करतं ना, तोच प्रकार. इथे ती वाटीच स्प्रिंग, तीच जोडणारा धातू आणि 'टिक' करणारीही तीच.

बघा, दोन्ही ठिकाणी भाग कमी झाले, पण सहा कामांपैकी एकही सुटलेलं नाही.

आता आपण करू

'करत करत शिकायचं' ही गोष्ट आपल्या शिरूर तालुक्याला नवी नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात पीएच.डी. झालेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. ते मुंबई सोडून पाबळसारख्या दुष्काळी गावात आले. मुलांनी हाताने काम करावं आणि त्यातून विज्ञान शिकावं, हा त्यांचा आग्रह. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय उभा राहिला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे विभाग असतात. त्या वाटेने गेलेल्या मुलांनी वायरिंगचे बोर्ड भरले, जोडकाम केलं, माती तपासली. चला, आपणही त्याच वाटेने जाऊ.

सूचना: पुढचे दोन्ही प्रयोग फक्त दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर करायचे. घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला यातली कोणतीही वस्तू जोडायची नाही. का, ते पुढे हिशोबासकट येणारच आहे.

करून पाहा १: यू-पिनचं बटण

*साहित्य:* जाड पुठ्ठ्याचा तुकडा, दोन ड्रॉइंग पिना, कागदाची एक धातूची यू-पिन, वायर, दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा छोटा बल्ब.

*कृती:* यू-पिनचं एक टोक पहिल्या ड्रॉइंग पिनेखाली घट्ट दाबून बसवा. दुसरं टोक थोडं वर वाकवा. त्या टोकाच्या बरोबर खाली दुसरी ड्रॉइंग पिन टोचा. दोन्ही पिनांना वायर गुंडाळा आणि सेल व बल्ब परिपथात जोडा. यू-पिनचं वरचं टोक दाबा. दिवा लागला? बोट उचला. विझला? झालं बटण तयार!

दिवा लागला नाही तर आधी पिना तपासा. रंगीत यू-पिनेवर प्लास्टिकचा थर असतो आणि काही ड्रॉइंग पिनांची टोपीही रंगवलेली असते. प्लास्टिक आणि रंग धारा जाऊ देत नाहीत. कात्रीच्या पात्याने तेवढी जागा खरवडा.

आता कामं तपासू. जोडणं, परत येणं आणि दाबायची जागा देणं ही तिन्ही कामं एकट्या यू-पिनने केली. वेगळं ठेवणं हवेने केलं. वायर धरणं ड्रॉइंग पिनेने केलं. मग चौथं काम, बोट वाचवणं? ते कोणीच केलेलं नाही! तुमचं बोट थेट धारेच्या वाटेवर आहे. ३ व्होल्टला काही जाणवत नाही, म्हणून ही उणीव लपून राहिली. हेच बटण २३० व्होल्टला जोडलं असतं तर ते दाबणाऱ्याच्या जिवावर बेतलं असतं. दिवा लागला म्हणजे बटण बरोबर झालं, असं समजायचं नाही.

आणखी एक निरीक्षण करा. यू-पिन थोडी वाकवून सोडली तर मूळ जागी येते. हा धातूचा स्थितिस्थापकपणा. जास्त वाकवली तर वाकलेलीच राहते. म्हणून वर उचललेला भाग लांब ठेवा. लांब भागाला तेवढंच अंतर जाण्यासाठी कमी वाकावं लागतं आणि तो जास्त दिवस टिकतो.

करून पाहा २: घडीच्या पुठ्ठ्याचं बटण

*साहित्य:* जुन्या लग्नपत्रिकेचा कडक कागद, खाऊच्या डब्याला लावतात ती ॲल्युमिनियमची चकचकीत फॉईल, डिंक, वायर, सेल, बल्ब.

*कृती:* कागदाची साधारण १० सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद पट्टी कापा आणि मधोमध घडी घाला. आतल्या दोन्ही बाजूंना फॉईलचे तुकडे असे चिकटवा की दोन्ही तुकडे घडीपाशी एकमेकांना टेकणार नाहीत. एका तुकड्याची शेपटी डाव्या कडेने बाहेर काढा, दुसऱ्याची उजव्या कडेने. तिसरा एक कागद त्याच मापाचा घ्या, त्याला मधोमध दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक पाडा आणि तो दोन्ही फॉईलच्या मध्ये ठेवा. शेपट्यांना वायर जोडा. आता भोकाच्या जागी वरून दाबा. दोन्ही फॉईल भोकातून एकमेकींना भेटतात आणि दिवा लागतो.

डिंक फॉईलच्या समोरच्या बाजूला लागू देऊ नका. वाळलेला डिंक विद्युतरोधक असतो. दिवा न लागण्याचं हे नेहमीचं कारण.

इथे कामांची वाटणी बघा. फॉईल फक्त जोडते. परत आणणं, वेगळं ठेवणं आणि बोट वाचवणं ही तिन्ही कामं कागद करतो. पहिल्या बटणात सुटलेलं चौथं काम इथे आपोआप झालं. पातळ, सपाट बटणांचा कीपॅड असतो ना, त्याचंही तत्त्व हेच.

मात्र हा कागद पावसाळ्यात मऊ पडतो, घामट बोटांनी दबून राहतो आणि फॉईल घासून फाटते. म्हणजे कामं सगळी होतात, पण फार दिवस होत नाहीत.

शंभर वेळा दाबा

आता खरी परीक्षा. दोन्ही बटणं प्रत्येकी १०० वेळा दाबा आणि वहीत तीन रकाने आखून नोंद करा.

– दाबल्यावर लागला, सोडल्यावर विझला.
– दाबूनही लागला नाही.
– सोडूनही लागलेलाच राहिला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातली चूक सारखीच आहे का? दाराच्या बेलपुरतं बोलायचं तर बेल वाजली नाही तर पाहुणा दार ठोठावेल, वाजतच राहिली तर शेजारी ओरडतील. फार काही बिघडत नाही. पण बटणाला मोटर जोडलेली असेल तर? 'दाबूनही लागली नाही' म्हणजे खोळंबा. 'सोडूनही चालूच राहिली' म्हणजे धोका. बटण बिघडणार, हे गृहीतच धरायचं असतं. ते कोणत्या बाजूने बिघडावं, हे मात्र बनवणाऱ्याला ठरवता येतं.

मोठी धारा झेपेल का?

बऱ्याच मुलांच्या मनात आलं असेल, "सर, यू-पिन लोखंडी आहे, वायरीपेक्षा जाड आहे. मग मोटर का नाही चालणार?"

हिशोब करू. दोन धातू नुसते टेकतात तेव्हा ते खऱ्या अर्थाने अगदी थोड्या बिंदूंवर भेटतात. त्यामुळे त्या जागी थोडा रोध असतो. समजा तो ०.१ ओहम आहे. उष्णता दर सेकंदाला किती निर्माण होते? धारेचा वर्ग गुणिले रोध.

टॉर्चचा बल्ब साधारण ०.३ अँपिअर घेतो. ०.३ × ०.३ × ०.१ = ०.००९ वॅट. कळतही नाही.

पाच एचपीची थ्री-फेज मोटर चालताना प्रत्येक फेजमधून साधारण ८ अँपिअर घेते. ८ × ८ × ०.१ = ६.४ वॅट. मोहरीएवढ्या जागेत ६.४ वॅट! पुठ्ठा काळा पडायला सुरुवात होईल.

आणि सुरू होतानाच्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच ते सात पट धारा ओढते. सहापट धरू, ४८ अँपिअर. ४८ × ४८ × ०.१ = सुमारे २३० वॅट. त्यात परिपथ तोडताना ठिणगी उडते ती वेगळीच. अशा ठिणगीत धातू वितळून एकमेकांना चिकटू शकतात. मग बोट उचललं तरी परिपथ जोडलेलाच राहणार. म्हणजे तिसऱ्या रकान्यातली चूक.

धारा सहापट झाली की उष्णता छत्तीसपट होते. म्हणून 'दिव्यावर चाललं, आता मोटरीवर चालवू' हे गणित चुकतं.

मग स्टार्टरचं बटण इतकं छोटं कसं?

आता गंमत बघा. मोटरीच्या स्टार्टरवरचं हिरवं बटणही बोटाएवढंच असतं. ते का जळत नाही? कारण मोटरीची धारा त्याच्यातून जातच नाही!

आठवीच्या पुस्तकातली विद्युत घंटा आठवा. तिच्यातलं विद्युतचुंबक लोखंडी पट्टी ओढतं. स्टार्टरमध्येही तसंच विद्युतचुंबक असतं. त्याला कॉन्टॅक्टरची कॉईल म्हणतात. कॉईलला लागणारी धारा अँपिअरच्या छोट्याशा अंशाइतकीच असते. हिरवं बटण फक्त कॉईलला धारा देतं. कॉईल लोखंड ओढते आणि त्या लोखंडाबरोबर तीन जाडजूड संपर्क एकदम मिटतात. मोटरीची मोठी धारा जाते ती त्यांच्यातून. बोटाने छोटं काम करायचं, मोठं काम चुंबकाकडून करून घ्यायचं.

पण दाबकळीला तर आठवण नसते. बोट उचललं की कॉईलची धारा तुटेल आणि मोटर थांबेल, नाही का? त्यासाठी तीन मोठ्या संपर्कांबरोबर चौथा एक छोटा संपर्कही मिटतो. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. बोट उचललं तरी कॉईलला त्या चौथ्या वाटेने धारा मिळत राहते. कॉईल जणू स्वतःच स्वतःला धरून ठेवते.

आता लाईट गेली तर काय होतं? कॉईलची धारा गेली, चुंबकत्व गेलं, स्प्रिंगने चारही संपर्क उघडले. थोड्या वेळाने लाईट आली. हिरवं बटण कोणी दाबलेलं नाही, चौथा संपर्क उघडा आहे. मोटर गप्प राहते आणि माणसाची वाट बघते.

इथे दाबकळीऐवजी साधा खटका लावला असता तर स्टार्टर आणखी साधा झाला असता. कॉईल नको, चौथा संपर्क नको. पण खटक्याला आठवण असते. लाईट गेली म्हणून कोणी पंपापाशी उतरला, पट्टा तपासायला हात घातला आणि तेवढ्यात लाईट आली, तर मोटर सुरू! आठवण नसणं हाच दाबकळीचा गुण आहे.

दुसरा फायदा डीपीचा. समजा एका १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या १५ मोटरी आहेत. सगळ्या चालू असताना प्रत्येक फेजला साधारण १५ × ८ = १२० अँपिअर. डीपीची क्षमता सुमारे १३५ अँपिअर, म्हणजे जेमतेम बसतं. पण लाईट येताच पंधराही मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर सहापट, ७२० अँपिअर! फ्यूज उडणार आणि पुढे दोन दिवस सगळ्यांचाच ऊस तहानलेला राहणार.

लाल बटण उलटं का?

हिरवं बटण एरवी तुटलेलं असतं, दाबलं की जोडलं जातं. लाल बटण बरोबर उलटं. ते एरवी जोडलेलं असतं, दाबलं की तुटतं. कॉईलची धारा त्याच्यातूनच पुढे जाते.

असं का? समजा उंदराने लाल बटणाची वायर कुरतडली. आपल्या स्टार्टरमध्ये कॉईलची धारा तुटेल आणि मोटर लगेच थांबेल. शेतकरी म्हणेल, "अरे, मोटर का चालंना?" आणि वायरमनला बोलावेल. खोळंबा झाला, पण कोणाला इजा नाही. लाल बटण हिरव्यासारखं, म्हणजे दाबल्यावर जोडणारं असतं, तर वायर तुटल्याचं कळलंच नसतं. ज्या दिवशी घाईने मोटर थांबवायची वेळ येईल, नेमकी त्याच दिवशी ती थांबली नसती.

हाच विचार रेल्वेत आहे. दौंड जंक्शनवर सोलापूरकडे आणि मनमाडकडे जाणारे मार्ग वेगळे होतात. अशा ठिकाणी सिग्नलची चूक परवडत नाही. रुळावर गाडी आहे का, हे ओळखण्याची एक पद्धत 'ट्रॅक सर्किट' आहे. रुळांमधून छोटी धारा सोडून ती एका रिलेला देतात. गाडी आली की तिची चाकं आणि आस धारेला जवळची वाट देतात, रिलेची धारा जाते आणि सिग्नल लाल होतो. आणि वायर तुटली तर? बॅटरी संपली तर? तरीही रिलेची धारा जाते आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबेल, पुढे जाणार नाही. स्टार्टरचं लाल बटण आणि रेल्वेचा लाल सिग्नल, दोघांचं तत्त्व एकच.

काडी खोचण्याचा 'सोपा' उपाय

आता एक अवघड पण खरा विषय. शेतीचा थ्री-फेज पुरवठा पाळीने येतो, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोन वाजता लाईट येणार म्हणून उसाच्या बांधावरून अंधारात चालत जायचं. साप-विंचू आहेत, शिरूरच्या उसात बिबट्याचा वावर आहे. लाईट चार वेळा गेली तर चार वेळा जायचं. अशा माणसाला वाटणारच की मोटर आपोआप सुरू झाली तर बरं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण त्यासाठी काही जण काय करतात? हिरव्या बटणात काडी खोचून ते दाबलेलं ठेवतात. झालं, दाबकळीचा खटका झाला! आता लाईट येताच मोटर सुरू. आणि लाल बटण दाबलं तरी दाबून धरलंय तोवरच मोटर थांबते. सोडलं की पुन्हा सुरू. व्होल्टेज कमी असलं की कोणी थेट कॉन्टॅक्टरलाच पाचर मारतात. ते तर याहून वाईट. संपर्क पाचरीने मिटलेले असल्यामुळे कॉईलची धारा तोडून काही उपयोग होत नाही. लाल बटण निकामी, जादा भार आल्यावर मोटर थांबवणारा ओव्हरलोड रिलेही निकामी. मोटर जळू शकते आणि माणूसही दगावू शकतो.

बाजारात 'ऑटो' म्हणून मिळणारं यंत्र हेच काम अधिक विचाराने करतं. चांगला ऑटो तिन्ही फेज आल्या आहेत का ते बघतो आणि थोडा वेळ थांबून मगच मोटर सुरू करतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हा थांबण्याचा वेळ वेगवेगळा ठेवला तर डीपीवर एकदम भार येत नाही. पण ऑटो लावला की एक गोष्ट कायमची बदलते. थांबलेली मोटर आता 'बंद' समजायची नाही, ती लाईटची वाट बघत असते. म्हणून पंपाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा आणि किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. किटकॅट खिशात असले म्हणजे मागून येऊन कोणी मेन चढवला तरी मोटर सुरू होत नाही. ओल्या हाताने, अनवाणी स्टार्टरला हात लावायचा नाही, हे तर आहेच.

हे घरी नक्की सांगा. तुमच्या घरात रात्री मोटर लावायला कोण जातं, ते तुम्हांला माहीत आहे.

थोडक्यात

बटण साधं करणाऱ्याने भाग मोजावेत, पण त्याआधी कामं मोजावीत. रिमोटमध्ये भाग कमी झाले, कामं सगळी राहिली. यू-पिनच्या बटणात भाग कमी झाले आणि बोट वाचवण्याचं काम निसटलं. स्टार्टरमध्ये काडी खोचली तेव्हा 'विसरण्याचं' काम निसटलं, जे कोणाच्या लक्षातही नव्हतं. जे काम डोळ्यांना दिसत नाही, तेच बहुधा जीव वाचवत असतं.

स्वाध्याय

१. तुमच्या दोन्ही बटणांच्या १०० वेळांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडा. तिसऱ्या रकान्यातली चूक कोणत्या बटणात जास्त आली? कारण लिहा.

२. यू-पिनच्या बटणात एकच वस्तू वाढवून चौथं काम पूर्ण करा. पेनाचं टोपण, बाटलीचं बूच, सायकलच्या ट्यूबचा तुकडा यांपैकी काय चांगलं? करून ठरवा. (त्यानंतरही ते ३ व्होल्टवरच वापरायचं!)

३. दोन बटणं आणि एक बल्ब घ्या. दोन्ही दाबली तरच दिवा लागेल आणि कोणतंही एक दाबलं तरी दिवा लागेल, अशा दोन जोडण्या काढा. स्टार्टरमधला चौथा संपर्क आणि हिरवं बटण यांची जोडणी यांपैकी कोणती?

४. पिठाच्या गिरणीत किंवा उसाच्या गुऱ्हाळात मोठ्यांच्या परवानगीने, लांबूनच, स्टार्टरची बटणं पाहा. लाल बटण हिरव्यापेक्षा जास्त वर आलेलं किंवा मोठं आहे का? असल्यास का असेल?

५. खटका असावा की दाबकळ, ते कारणासह ठरवा: वर्गातला पंखा, शाळेची घंटा, चारा कापायचं कुट्टी यंत्र, देव्हाऱ्यातला दिवा.